चेहऱ्याची शिवण

कापूस वेचणीच्या दिवसांत पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. शेजारचे बाबा ओट्यावर डोक्याला रुमाल गुंडाळून बसलेले. "काय व्हयनं, बाबा?" म्हटलं, तर म्हणाले, "नागीण शे. नुसती आग व्हस, भो." रुमाल सारून दाखवला. उजव्या भुवईच्या वर, कपाळभर, पार केसांच्या आतपर्यंत पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा, त्यावर गेरूचा लेप. घरातल्या बायकांना धास्ती एकच, नागिणीचं तोंड आणि शेपूट भिडलं की माणूस हाती लागत नाही. थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी वाकून बघायचं, पट्टा डावीकडे सरकला का.

मी मात्र बाबांच्या नाकाचा शेंडा बघत होतो. तिथे दोन फोड होते.

पट्टा कपाळाच्या बरोबर मध्यावर थांबला होता, सुरीने रेघ मारावी तसा. तो तिथे थांबतोच. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू नसांच्या मुळाशी असलेल्या गाठींत वर्षानुवर्षं दडून राहतो. वय झालं, अंगातली ताकद उतरली की एखाद्या नसेच्या वाटेने तो कातडीवर येतो. नस उजवीकडची, तर पट्टाही उजवीकडेच. क्वचित पट्टा मध्य ओलांडून गेला, तरी दोन टोकं भिडल्याने कुणी मरत नाही. घाबरायचं ते नाकाच्या शेंड्यावरच्या फोडांना.

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या आहेत. त्यांतली पाचवी सगळ्यांत जाड, तिचं नाव ट्रायजेमिनल. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ तिळं, म्हणजे एकाच वेळी जन्मलेली तीन भावंडं. कानाच्या पुढे, कवटीच्या तळाशी या नसेची चंद्रकोरीसारखी एक गाठ असते. 1765 साली व्हिएन्नातल्या हिर्श नावाच्या विद्यार्थ्याने तिला आपल्या गुरूचं, गॅसर यांचं नाव दिलं. या गाठीतून तीन फांद्या फुटतात आणि कवटीच्या तीन वेगवेगळ्या छिद्रांतून बाहेर पडतात. पहिली डोळ्याच्या खोबणीतून जाते. डोळा, वरची पापणी, कपाळ, टाळूपर्यंतची कातडी आणि नाकाचा दांडा ते शेंडा हा तिचा मुलूख. दुसरीकडे गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ, वरचे दात. तिसरीकडे खालचा जबडा, हनुवटी आणि जिभेचा पुढचा भाग. चावण्याचं बळ पुरवण्याचं कामही या तिसरीचंच. कळण्याची भाकरी चावताना कानशिलावर बोटं ठेवून पाहा, तिथे जो स्नायू टरारून फुगतो तो तिच्याच हुकमाने. शेवभाजीचा पहिला घास घेतल्यावर जीभ पोळते, तीही खबर हीच फांदी मेंदूला देते. तिखट ही खरं तर चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना फसवतं आणि मेंदूला वाटतं तोंड भाजलं. कॅप्सेसिन तंतूवर जिथे जाऊन चिकटतं तो ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, 1997 साली सापडला. त्या कामासाठी अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं.

पहिल्या फांदीचा एक बारीक फाटा डोळ्याच्या बुबुळाला शिवतो आणि त्याचंच टोक नाकाच्या शेंड्यावर उतरतं. म्हणून शेंड्यावर फोड आले की विषाणू डोळ्याच्या वाटेवर असण्याची शक्यता बरीच वाढते. 19व्या शतकात इंग्लंडच्या जोनाथन हचिन्सन या डॉक्टरांनी ही खूण सांगितली, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नागिणीवर विषाणूविरोधी गोळ्या आहेत आणि पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा गुण चांगला येतो. गेरूने त्या 72 तासांतले दोन दिवस खाल्ले होते. धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं आणि गाडी येईपर्यंत आम्ही ओट्यावरच बसलो.

बाबांची सून शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "पण तीनच भाग का? चेहरा तर एकच आहे ना?"

चेहरा एक नाही, तो सांधलेला आहे. गर्भ चार आठवड्यांचा असतो तेव्हा तो जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा असतो. त्याला चेहरा नसतो, नुसता एक खळगा असतो, पुढे तोंड होणारा. त्या खळग्याभोवती पाच उंचवटे उठतात, वर एक, दोन्ही बाजूंना दोन, खाली दोन. होऊ घातलेल्या मेंदूच्या काठावरून काही पेशी सुटतात आणि चालत चालत या उंचवट्यांत येऊन बसतात. चेहऱ्याची बहुतेक हाडं याच पेशींची. डोळे तेव्हा माशासारखे दोन बाजूंना असतात, नाकपुड्याही एकमेकींपासून लांब. मग खालचे दोन उंचवटे मध्यावर जुळून जबडा होतो. गालांचे उंचवटे बाजूंनी आत सरकत येतात, नाकपुड्यांना मध्ये ढकलतात आणि नाकाच्या आतल्या कडांना चिकटतात, तेव्हा वरचा ओठ तयार होतो. नाकाखाली बोट फिरवलं की मधल्या पन्हळीच्या दोन्ही बाजूंना दोन कंगोरे लागतात ना? सांधा साधारण तिथलाच.

नसेच्या तीन फांद्या या उंचवट्यांत तेव्हाच शिरलेल्या असतात आणि उंचवटे जिथे जातील तिथे त्या ओढल्या जातात. ढोबळमानाने पहिली वरच्या उंचवट्याची, दुसरी गालाच्या, तिसरी जबड्याच्या. शिवण वरून मिटते, पण नसांचा नकाशा तसाच राहतो. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर, कानाच्या पाळीखाली हात लावा. तो भाग चेहऱ्याचा वाटतो, पण तिथल्या कातडीची नस मानेतून वर येते. जबडा वाढला तेव्हा तेवढा तुकडा मानेकडून आला. मला या सगळ्या शास्त्रात ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. माणूस सत्तरीला पोचला तरी आईच्या पोटातल्या दुसऱ्या महिन्याची खूण त्याच्या कातडीखाली असते.

सुनेच्या कडेवर तिचा मुलगा होता. वरच्या ओठावर डाव्या कंगोऱ्याच्या जागी बारीक पांढरट रेघ. त्याचा ओठ फाटलेला होता आणि पाच महिन्यांचा असताना शिवून घेतला, तोही सरकारी बालस्वास्थ्य कार्यक्रमातून, फुकट. जगात साधारण दर 700 बाळांमागे एक असं, ओठ किंवा तोंडातली टाळू फाटलेलं जन्मतं. गालाचा उंचवटा पोचायला उशीर होतो, किंवा पोचूनही चिकटत नाही. कारणं अनेक एकत्र येतात, आई-वडिलांकडून आलेली जनुकं, फिटच्या काही गोळ्या, गर्भारपणातलं धूम्रपान. आपल्याकडे मात्र कारण एकच सांगतात, बाईने ग्रहणात विळी हातात धरली. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण पोराच्या ओठाला टाके एकदा पडतात आणि आईला हे आयुष्यभर ऐकावं लागतं.

तिलाही तेच ऐकवलेलं होतं. ग्रहणात तिने मेथी निवडून चिरली होती.

मी म्हटलं, पाळी चुकल्यावर महिन्या-सव्वा महिन्यात वरचा ओठ सांधून झालेला असतो. जुळायचा असेल तर तोवर जुळतो, नाहीतर राहून जातो.

ती अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत महिने मोजू लागली. पोरगा तिच्या खांद्यावर गाल टेकून बाबांच्या कपाळाकडे बघत होता.

"ग्रहण होतं तेव्हा मला पाचवा सरत आला होता," ती म्हणाली. "म्हणजे याचा ओठ तेव्हा..."

"केव्हाच होऊन गेलेला होता."

तिने पुन्हा एकदा पेरं मोजली.