द क्युअर

लंडनच्या दक्षिणेला, वेस्ट ससेक्समधील क्रॉली या गावातून पुढे आलेला इंग्लिश रॉक बँड. काही शाळासोबत्यांनी १९७६ मध्ये तो ‘मॅलिस’ नावाने सुरू केला. पुढे त्याचा ‘ईझी क्युअर’ आणि १९७८ मध्ये ‘द क्युअर’ झाला. वादक येत-जात राहिले. गायक, गिटारवादक आणि मुख्य गीतकार रॉबर्ट स्मिथ (जन्म २१ एप्रिल १९५९) तेवढा पहिल्यापासून टिकून आहे.

हान्सा या जर्मन कंपनीशी झालेला पहिला करार एकही रेकॉर्ड न निघता संपला, कारण कंपनीला त्यांच्याकडून इतरांचीच गाणी हवी होती. ‘फिक्शन’ या रेकॉर्ड कंपनीच्या ख्रिस पॅरीने १९७९ मध्ये त्यांचा पहिला अल्बम काढला. त्याच्या मुखपृष्ठावर तिघा वादकांच्या जागी एक दिवा, एक फ्रिज आणि एक व्हॅक्युम क्लीनर आहे. स्मिथला ते अजिबात रुचले नाही, आणि पुढच्या अल्बमपासून त्याने सूत्रे स्वतःकडे घेतली.

‘सेव्हन्टीन सेकंड्स’ (१९८०), ‘फेथ’ (१९८१) आणि ‘पोर्नोग्राफी’ (१९८२) हे तीन अल्बम म्हणजे उतरत जाणारा जिना. संथ, एकसुरी ठेका. गिटारऐवजी सायमन गॅलपच्या बेसवर (खर्जातल्या गिटारवर) तोललेली चाल. आणि शब्द सुरू होण्याआधी लांबलचक वाद्यसंगीत. तिसऱ्या अल्बमची पहिलीच ओळ मरणाची आहे. तरीही तो ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. बँड मात्र मोडकळीला आला: स्ट्रासबर्गमधल्या कार्यक्रमानंतर स्मिथ आणि गॅलप यांची मारामारी झाली आणि गॅलप बाहेर पडला.

इथून गोष्ट अनपेक्षित वळण घेते. उदासीचा शिक्का पुसायचा म्हणून स्मिथने हलकीफुलकी, नाचती गाणी केली. त्यांतले ‘द लव्हकॅट्स’ १९८३ मध्ये सातव्या क्रमांकावर गेले आणि बँडला पहिल्यांदाच पहिल्या दहांत जागा मिळाली. दिग्दर्शक टिम पोपच्या चित्रफितींनी स्मिथचे पिंजारलेले केस आणि फिसकटलेली लिपस्टिक घरोघरी नेली. ‘क्लोज टू मी’च्या चित्रफितीत तर सगळा बँड एका कपाटात कोंबलेला आहे आणि ते कपाट कड्यावरून समुद्रात कोसळते. बुडणाऱ्या माणसांचा विनोद करणे या बँडला शोभते. दरम्यान गॅलपही परतला होता. १९८५ च्या ‘द हेड ऑन द डोअर’पासून आनंदी आणि काळोखी गाणी एकाच अल्बममध्ये नांदू लागली.

खरे यश मात्र मूळच्या अंधारात परतल्यावर आले. ‘डिसइंटिग्रेशन’ (१९८९) हा दीर्घ, जड, की-बोर्डच्या धुक्यात बुडालेला अल्बम. स्मिथची तिशी जवळ येत असल्याचे दडपण त्यामागे होते. तो करतानाच संस्थापकांपैकी लॉल टोलहर्स्टला दारूपायी बँड सोडावा लागला. अल्बम ब्रिटनमध्ये तिसरा, अमेरिकेत बारावा आला. त्यातले ‘लव्हसाँग’ स्मिथने पत्नी मेरीला लग्नाची भेट म्हणून लिहिले होते. एवढे खासगी, साधे गाणे अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेले आणि बँड तिथल्या स्टेडियममध्ये वाजवू लागला. ‘विश’ने (१९९२) ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला. त्यातले ‘फ्रायडे आय ॲम इन लव्ह’ इतके खेळकर आहे की अनेकांना द क्युअर तेवढ्यावरूनच माहीत असतो.

पुढचे अल्बम इतके गाजले नाहीत; त्यांतला ‘ब्लडफ्लॉवर्स’ (२०००) मात्र ऐकण्याजोगा आहे. कार्यक्रम चालू राहिले आणि २०१९ मध्ये बँडला ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात तिकिटे स्वस्त ठेवूनही वर भरमसाट शुल्क लागल्याने स्मिथने जाहीर तक्रार केली, तेव्हा विक्रेत्या कंपनीला काही रक्कम परत करावी लागली.

सोळा वर्षांच्या खंडानंतर १ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ हा नवा अल्बम आला आणि ‘विश’नंतर प्रथमच बँड ब्रिटनमध्ये अव्वल ठरला. त्यात स्मिथच्या भावाच्या मृत्यूवरचे एक गाणे आहे. अल्बमच्या पहिल्या गाण्यात स्मिथचा आवाज तीन मिनिटे उलटून गेल्यावर ऐकू येतो.