बिम आरेखन (सांगली परिसरातील वापर)

बिम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, ही इमारतीचे नकाशे संगणकावर तयार करण्याची पद्धत आहे. ऑटोकॅड या रेषांनी नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेषा असतात. बिममध्ये तीच भिंत वीट, प्लास्टर आणि उंचीसह एक वस्तू म्हणून उभी राहते. प्लॅन, सेक्शन (उभा छेद), एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू), दारे-खिडक्यांचा तक्ता हे सगळे एकाच मॉडेलमधून निघते. प्लॅनमध्ये खिडकी सरकवली की सेक्शनमध्येही सरकते. चुकीची पातळीही अशीच प्रत्येक शीटवर जाऊन बसते, म्हणून या पद्धतीत पहिल्या दिवशीचे काम सर्वात मोलाचे असते.

या कल्पनेची पायाभरणी अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० च्या दशकात केली. हंगेरीतील ग्राफिसॉफ्ट कंपनीचे आर्किकॅड हे बिमचे सॉफ्टवेअर १९८० च्या दशकात आले. रेव्हिट हे दुसरे बिम सॉफ्टवेअर २००० साली बाजारात आले आणि २००२ मध्ये ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने ते विकत घेतले. खाली रेव्हिटमधली नावे दिली आहेत. तत्त्व आर्किकॅडलाही लागू पडते.

पातळी आणि पूररेषा

सांगलीत कोणत्याही मॉडेलची सुरुवात उंचीपासून व्हायला हवी. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचे पाणी शहरात शिरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा धोक्याची पातळी ४५ फूट धरलेली होती. ज्या शहराने हे पाहिले आहे, तिथे जोत्याची उंची अंदाजाने टाकणे ही साधी चूक मानता येत नाही.

जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार नदी ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध आहे. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचावर असावे लागते.

पूररेषेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिलेली असते. पुलाजवळच्या पट्टीवरचे फूट त्या पट्टीच्या स्वतःच्या शून्यापासून मोजलेले असतात. बातमीतले फूट मीटरमध्ये बदलून मॉडेलमध्ये टाकणे म्हणूनच चूक आहे. प्लॉटवर सर्व्हेअरकडून बेंचमार्क, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत असलेली खूण, आणून घ्यावा आणि त्यावरूनच पुढे जावे.

रेव्हिटमध्ये यासाठी दोन बिंदू आहेत. प्रोजेक्ट बेस पॉइंट इमारतीचा स्वतःचा शून्य धरतो, सर्व्हे पॉइंट समुद्रसपाटीशी नाते जोडतो. समजा, लाल रेषा ५४५.५० मीटरवर आहे आणि जोते किमान मर्यादेवरच ठेवायचे आहे. मग ते ५४५.९५ वर आले. जोत्याची लेव्हल (उंची दाखवणारी रेषा) ०.०० ठेवावी आणि ती शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये, म्हणजे सर्व्हेच्या मापांत, ५४५.९५ ला बांधावी. लेव्हलच्या टाइप प्रॉपर्टीत ‘एलिव्हेशन बेस’ असा पर्याय असतो. एक लेव्हल टाइप प्रोजेक्ट बेस पॉइंटवर आणि दुसरा सर्व्हे पॉइंटवर ठेवला की दोन्ही आकडे मिळतात. साइटवरच्या गवंड्याला +०.०० वाचता येते, परवानगीच्या नकाशावर ५४५.९५ दिसते. लाल रेषेची स्वतंत्र लेव्हल करून प्रत्येक सेक्शनमध्ये तुटक रेषेने दाखवावी. घरमालकाला पाणी कुठवर येऊ शकते हे एका नजरेत कळते, आणि विजेचा मीटर किंवा पंपाची खोली त्या रेषेखाली राहिली असेल तर तिथेच पकडता येते.

पायासाठी वेगळी लेव्हल लागते. कृष्णाकाठी काळी माती खोल असते आणि ती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. चाचणी खड्ड्यांत मुरूम कुठे लागला ती खोली मॉडेलमध्ये नोंदवली, तर फूटिंगची (कॉलमखालच्या पायाची) खोदाई आणि भराव यांचा हिशेब बराचसा खरा येतो.

भिंतीची बांधणी

बाहेरची भिंत २३० मिमी विटेची, बाहेरून २० आणि आतून १२ मिमी प्लास्टर, अशी एकूण २६२ मिमी होते. वॉल टाइपमध्ये वीट हा गाभा आणि प्लास्टर हे थर म्हणून घालावेत. भिंत काढताना लोकेशन लाइन (भिंत ज्या रेषेवरून काढली जाते ती) गाभ्याच्या पृष्ठभागावर ठेवावी आणि कामाच्या नकाशाची मापेही विटेपासून विटेपर्यंत द्यावीत, कारण गवंडी दोरी लावतो तेव्हा प्लास्टर अस्तित्वात नसते. प्लास्टर झाल्यावर ३००० मिमी रुंद खोली हवी असेल, तर विटेतले माप ३०२४ यायला हवे. फर्निचरचा नकाशा मात्र तयार पृष्ठभागापासून मापावा. एकाच शीटवर दोन्ही पद्धती मिसळल्या की साइटवर वाद ठरलेला.

तपशील किती

मॉडेलमध्ये तपशील किती, हे सांगायला १०० (ढोबळ आकार) ते ५०० (प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे) अशा पायऱ्या वापरतात. परवानगीच्या १:१०० नकाशात दाराची कडी किंवा नळाची तोटी उमटत नाही, तरी नवशिका ड्राफ्ट्समन त्यावर दुपार घालवतो. इंटरनेटवरून उतरवलेले सोफे आणि झाडे फाईल जड करतात. आपल्याकडच्या नेहमीच्या मापांची दारे, खिडक्या आणि छज्जे स्वतः बनवून टेम्प्लेटमध्ये ठेवावेत. हे कंटाळवाणे काम एकदाच करावे लागते, आणि पद्धतीचा खरा फायदा तिथूनच सुरू होतो.

मोजमाप

मॉडेलमधून निघणाऱ्या याद्या थेट बिलाला जोडू नयेत. भारतीय मानक १२०० प्रमाणे प्लास्टर मोजताना ०.५ चौ.मी. पर्यंतच्या दार-खिडकीसारख्या मोकळ्या जागेची वजावट होत नाही. ०.५ ते ३ चौ.मी. पर्यंतच्या मोकळ्या जागेची वजावट भिंतीच्या एकाच बाजूने होते. सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंनी वजा करते. १.२ मीटर चौरस खिडकीमागे १.४४ चौ.मी. चा फरक पडतो. अशा दहा खिडक्यांत तो १४.४ चौ.मी. होतो. यादीत दुरुस्तीचा रकाना आधीच ठेवला, तर ठेकेदाराचे बिल आणि मॉडेल जुळवता येतात.

देवाणघेवाण

ऑनलाइन परवानगीसाठी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची) फाईल ठरलेल्या लेयरमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या थरांत, लागते. एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये भिंत, दार, हद्द यांचे लेयर एकदा जुळवून ती सेटिंग जपून ठेवावी. निघालेली फाईल ऑटोकॅडमध्ये उघडून तपासणे टाळू नये. हद्दीची रेषा बंद नसेल तर क्षेत्रफळच मोजले जात नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअरबरोबर काम करताना पहिला प्रश्न आवृत्तीचा असतो. रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि तिला मागे नेण्याची सोयही नाही. काम सुरू होण्यापूर्वी दोन्ही कार्यालयांनी आवृत्ती ठरवून घ्यावी आणि ती मध्येच बदलू नये. समोरच्याकडे वेगळेच सॉफ्टवेअर असेल तर आयएफसी हा खुला फाईल प्रकार वापरावा; २०१३ पासून तो आयएसओ १६७३९ या मानकात आहे. आयएफसीमधून आलेले बीम आणि कॉलम आपल्या मॉडेलमध्ये बदलत बसू नयेत. ते लिंक म्हणून ठेवावेत आणि संडासासाठी इतर स्लॅबपेक्षा खालच्या पातळीवर घेतलेल्या स्लॅबमधून जाणारा ड्रेनेजचा पाईप बीमला कुठे आडवा येतो, तेवढे शोधून इंजिनिअरला कळवावे. बीमची जागा बदलायची की पाईपची, हे त्याने ठरवायचे असते.