फेरे तेच, वारा कमी

एका मोठ्या इमारतीत, जिथून सगळ्या मजल्यांना गार हवा पाठवतात त्या यंत्रांच्या खोलीत मी संध्याकाळी उभा होतो. माणसं घरी निघाली होती आणि मजल्यांवरच्या झडपा एकेक करून मिटत होत्या. डक्टमधली, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या मोठ्या नळीतली हवा दुपारच्या निम्म्यावर आल्याचं समोरचा आकडा सांगत होता. पंख्याची मोटर मात्र दुपारी घेत होती तेवढेच, मिनिटाला 1440 फेरे घेत होती.

पुढे देखभालीसाठी तो पंखा थांबवला, तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक पात्याच्या बुडाशी अंशांच्या बारीक खुणा कोरलेल्या होत्या. तंत्रज्ञाने एक कळ फिरवली आणि सगळी पाती एकदम, सारख्याच मापाने, आपापल्या देठाभोवती वळली. त्या दिवसापासून मी या वळत्या पात्यांच्या पंख्याच्या प्रेमात आहे.

वारा कमी हवा असेल तर पंखा हळू करायचा, ही सवय आपल्याला घरातल्या रेग्युलेटरने लावली आहे. पात्यांचा तिरपेपणा बदलूनही तेच साधतं. आणि पातं जितकं तिरपं तितका वारा जास्त, असं मात्र नाही. का नाही, हे समजून घेण्यात खरी गंमत आहे.

पाऊस अगदी सरळ पडत असला, तरी सायकल चालवणाऱ्याला धारा समोरून तिरप्या येताना दिसतात. वेग वाढवला की त्या आणखी आडव्या होतात. पंख्याच्या पात्याचंही तसंच आहे. हवा डक्टमधून सरळ येते, पण पातं स्वतः आडवं धावत असल्यामुळे त्याला ती समोरून, तिरपी येताना ‘दिसते’. आता आकडे घालू. आसापासून 40 सेंटीमीटर अंतरावरचा पात्याचा भाग 1440 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 60 मीटर वेगाने धावतो. हवा सेकंदाला 15 मीटर वेगाने आत येत असेल, तर पात्याच्या दृष्टीने ती फिरण्याच्या प्रतलाशी 14 अंशांचा कोन करून येते. पातं 22 अंशांवर बसवलं असेल, तर हवा आणि पातं यांच्यात उरला 8 अंशांचा कोन. पात्याचं सगळं काम या उरलेल्या कोनावर चालतं. विमानाचा पंख याच कोनामुळे विमान उचलून धरतो, तर पंख्याचं पातं हवा पुढे ढकलतं.

आता झडपा मिटल्या किंवा फिल्टर धुळीने चोंदला आणि हवेचा वेग निम्मा, साडेसात मीटर झाला. येणारी हवा आता फक्त 7 अंशांनी तिरपी, म्हणजे उरलेला कोन 15 अंश! हवा कमी झाली आणि पात्यावरचा ताण मात्र वाढला. साधारण 12 ते 15 अंशांपुढे हवा पात्याच्या पाठीला चिकटून वाहू शकत नाही. ती सुटते, भोवरे उठतात, दाब कोसळतो आणि पंखा घरघरत थरथरू लागतो. यालाच स्टॉल म्हणतात. उपाय सोपा आहे: पातं 22 वरून 15 अंशांवर आणा, उरलेला कोन पुन्हा 8. पातं आपल्याला येणाऱ्या वाऱ्याशी जुळवून घेतं. (हा हिशोब 40 सेंटीमीटरवरचा. टोक त्याहून जोरात धावतं आणि बूड हळू, म्हणून पातं मुळातच पीळ दिलेलं असतं.) व्हिक्टर काप्लान या ऑस्ट्रियन अभियंत्याने 1913 च्या सुमारास पाण्याच्या टर्बाइनला वळती पाती दिली, ती याच तत्त्वावर.

फिरत्या पंख्याची पाती वळवायची कशी? हब, म्हणजे पाती जिथे बसवलेली असतात तो मधला गोल भाग, पोकळ असतो. पात्यांचे देठ बेअरिंगवर टेकून आत शिरतात आणि प्रत्येक देठाला एक आखूड दांडी असते. सगळ्या दांड्यांची टोकं एकाच चकतीत अडकवलेली असतात. तेलाच्या दाबाने दट्ट्या ती चकती आसाच्या दिशेने थोडी सरकवतो आणि सगळी पाती वळतात. सांगायला सोपं आहे, पण 2 किलोचं पातं, त्याचा गुरुत्वमध्य आसापासून 40 सेंटीमीटरवर धरला, तर 1440 फेऱ्यांना स्वतःच्या वजनाच्या नऊशेपटीहून अधिक, म्हणजे 1800 किलो वजनाएवढ्या जोराने बाहेर ओढलं जातं. तेवढा भार बेअरिंगवर असताना ते अलगद वळायला हवं. शिवाय फिरणारं पातं आपणहून आडवं पडू पाहतं. म्हणून त्याच्या देठावर काटकोनात छोटी वजनं बसवतात, ती पात्याला उलट पीळ देतात.

मोटरचा वेगच बदलणारी व्हीएफडी ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आज स्वस्त झाली आहे आणि लहान-मध्यम पंख्यांसाठी माझंही मत तिलाच. पण ‘फेरे निम्मे केले की वीज एक अष्टमांश’ ही जाहिरात सरसकट खरी मानू नका. फेरे निम्मे झाले की हवा निम्मी होते, पण दाबही एक चतुर्थांशावर येतो. डक्टमध्ये ठरावीक दाब राखायचाच असेल, तर फेरे तितके कमी करताच येत नाहीत आणि ती बचतही मिळत नाही. दोन पंखे शेजारी-शेजारी एकाच डक्टमध्ये हवा सोडत असतील, तर हळू केलेला पंखा दुसऱ्याच्या दाबापुढे हवा ढकलू शकत नाही. वळत्या पात्यांच्या पंख्याचे फेरे तेच राहतात, त्यामुळे दाब धरण्याची ताकद बरीचशी टिकते. वीजकेंद्रांत बॉयलरला हवा पुरवायला आणि लांब बोगद्यांत हवा खेळती ठेवायला असे पंखे वापरतात. झडपेने हवा अडवणं हा सगळ्यात वाईट उपाय: आधी वीज खर्चून दाब निर्माण करायचा आणि मग तो झडपेवर घालवायचा.

असा पंखा सुरू करताना पाती जवळजवळ सपाट ठेवतात. मोटरवर हवेचा भार नसतो, ती झटकन पूर्ण वेग घेते. मग दट्ट्या सरकतो, पाती हळूहळू उभी होऊ लागतात आणि डक्टवरच्या दाबमापकाचा काटा शून्यापासून वर चढायला लागतो.