रेबीजची लस आणि रेबीजचं सीरम: दोन्ही इंजेक्शनंच, पण कामं वेगळी

कुत्रा चावला की सगळे एकच विचारतात, "इंजेक्शन घेतलं का?" आणि समोरचा हो म्हणाला की विषय संपतो. तो तिथे संपायला नको, कारण चाव्यातून रक्त आलं असेल तर दोन वेगवेगळी इंजेक्शनं लागतात, एक लस आणि दुसरं सीरम, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन. बरेच जण फक्त लस घेऊन घरी येतात आणि झालं सगळं असं समजतात. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, त्यामुळे हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असलाच पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं.

आधी लस बघू. लसीत मारलेला रेबीजचा विषाणू असतो, त्यात अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला अडवणारं प्रोटीन, एकही नसते. दंडात सुई टोचली की तिथल्या काही पेशी त्या मेलेल्या विषाणूचे तुकडे उचलतात आणि काखेतल्या लिम्फ ग्रंथींमधे घेऊन जातात, तिथे लाखो बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) असतात आणि प्रत्येकीची पकड वेगळ्या आकाराची, त्यातल्या ज्या मोजक्या पेशींची पकड रेबीजच्या पृष्ठभागावरच्या प्रोटीनला बरोबर बसते त्याच जाग्या होतात. पण तेवढ्याने भागत नाही, मदतनीस टी पेशींनी दुजोरा दिला की मगच त्या बी पेशी जोरात वाढायला लागतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार असं करत. त्यातल्या काहींच्या प्लाझ्मा पेशी होतात आणि त्या सेकंदाला हजारोंच्या हिशोबाने अँटीबॉडी सोडतात, आणि काही मेमरी पेशी बनून वर्षानुवर्षं शरीरात राहतात. हे सगळं भारी आहे पण याला वेळ लागतो, रक्तात कामाला येईल इतक्या अँटीबॉडी दिसायला साधारण 7 ते 14 दिवस जातात. डोस 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14, 28 अशा दिवसांना देतात (कातडीत देतात तेव्हा 0, 3, 7, 28) ते याचसाठी, शरीराला पुन्हा पुन्हा आठवण करून द्यायची असते. आणि हो, पोटात 14 इंजेक्शनं हा प्रकार आता नाही, ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती, भारतात ती 2005 च्या सुमारास बंद झाली, तरी ती भीती अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही आणि त्यापायी काहीजण दवाखान्यातच जात नाहीत.

आता सीरम. यात विषाणू नसतोच, न जिवंत न मेलेला. यात असतात थेट तयार अँटीबॉडी, दुसऱ्या कुणाच्या तरी शरीरात बनलेल्या. एक तर लस घेतलेल्या माणसांच्या रक्तातून काढलेल्या, नाहीतर लस टोचलेल्या घोड्यांच्या रक्तातून. काही वर्षांपासून तिसरा प्रकारही आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बाजारात आणलेली मोनोक्लोनल अँटीबॉडी, ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून बनवून घेतात, घोडाही नको आणि रक्तदाताही नको. तुमच्या बी पेशींना यातून काही शिकायला मिळत नाही, पण संरक्षण त्याच क्षणापासून सुरू होतं. लस म्हणजे पेरणी आणि सीरम म्हणजे शेजारून आणलेलं तयार धान्य, पेरलेलं हाती येईपर्यंत घरात खायला तर काहीतरी लागतंच.

मग प्रश्न येतो की लस चालू आहे ना, आठवडाभर थांबलं तर काय बिघडतं? बिघडतं, कारण विषाणू थांबत नाही. लाळेतून जखमेत आलेला विषाणू आधी तिथल्या स्नायूत वाढू शकतो, मग जवळची नस पकडतो आणि नसेच्या आतून मेंदूकडे सरकत राहतो. जखमेत मोकळा असतो तोपर्यंत अँटीबॉडी त्याला चिकटून नसेत शिरण्यापासून अडवू शकते, एकदा तो आत गेला की तिचा हात तिथपर्यंत नीट पोचत नाही. बहुतेकांना लक्षणं यायला एक ते तीन महिने लागतात हे खरं, पण चेहरा, डोकं, मान किंवा हाताची बोटं चावली असतील तर हा काळ बराच कमी असू शकतो. लहान मुलं उंचीने कमी, कुत्र्याचं तोंड थेट त्यांच्या चेहऱ्याशी येतं, म्हणून पोरांच्या बाबतीत तर अजिबात हयगय नको.

यातला फरक किती मोठा असतो ते 1954 साली इराणमधे दिसलं. एका पिसाळलेल्या लांडग्याने एकाच गावातले 29 लोक फाडले होते. डोक्याला जखमा झालेल्यांपैकी ज्या 5 जणांना फक्त लस मिळाली त्यातले 3 गेले, आणि लसीबरोबर सीरमही मिळालेल्या 13 जणांमधे 1 दगावला. आकडे लहान आहेत, पण आज आपण दोन्ही देतो त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे.

देण्याची जागाही वेगळी, आणि इथे फार गोंधळ होतो. लस दंडात देतात (लहान बाळांना मांडीत), कमरेत कधीच नाही. सीरम मात्र जखमेतच आणि जखमेच्या आजूबाजूला सोडायचं असतं, कारण विषाणू तिथे आहे. ते दुखतं, बोटावर तर खूपच दुखतं, पण दुखतंय म्हणून सगळं सीरम कमरेत टोचून घेतलं तर जिथे गरज होती तिथे फारसं पोचत नाही. डोस वजनावर ठरतो, माणसाचं सीरम किलोमागे 20 युनिट आणि घोड्याचं 40, कारण घोड्याच्या अँटीबॉडी आपल्या शरीरातून लवकर निघून जातात. जखमा खूप असतील तर डॉक्टर ते सलाइनमधे पातळ करून सगळीकडे पुरवतात. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत, घालावेच लागले तर आधी सीरम मग टाके.

जास्त सीरम म्हणजे जास्त सुरक्षित असंही नाही. बाहेरून आणलेल्या अँटीबॉडी खूप झाल्या तर त्या लसीतल्या विषाणूलाही झाकून टाकतात आणि मग आपल्या बी पेशींना तो नीट दिसतच नाही. याच कारणाने लस आणि सीरम एका सिरिंजमधे किंवा एका जागी देत नाहीत, आणि लसीच्या पहिल्या डोसनंतर 7 दिवस उलटले की सीरम देतच नाहीत, तोवर स्वतःच्या अँटीबॉडी यायला लागलेल्या असतात. बाळाला गोवराची लस 9 महिन्यांनंतर देतात त्यामागेही हेच आहे, आईकडून गर्भात मिळालेल्या अँटीबॉडी तोपर्यंत ओसरायला लागतात आणि मग लस नीट लागू पडते.

सापाचं मात्र वेगळं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर जे औषध देतात, मुंबईच्या आपल्या हाफकिन संस्थेचं नाव ज्यासाठी घेतलं जातं ते, ती पूर्णपणे घोड्यांच्या तयार अँटीबॉडींची गोष्ट आहे. विष काही तासांत काम करतं, तिथे शिकायला सवडच नाही. रेबीजमधे दोन्ही मार्ग हातात आहेत, म्हणून दोन्ही वापरायचे.

तर चावलं की पहिलं काम, साबण आणि वाहतं पाणी घेऊन 15 मिनिटं जखम धुवा, हळद-चुना-मिरची काही भरू नका. मग दवाखान्यात सरळ विचारा, "सीरम लागेल का आणि ते आहे का?" रक्त आलं असेल किंवा कुत्र्याची लाळ डोळ्यात, तोंडात किंवा उघड्या जखमेवर गेली असेल तर लागतं, नुसता ओरखडा आणि रक्त नाही असं असेल तर प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसाला लस पुरते. सीरम संपलंय म्हणाले तर लस त्याच दिवशी सुरू करा आणि 7 दिवसांच्या आत दुसरीकडून सीरम मिळवा, जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजमधे, जिथे मिळेल तिथे.

आणि लसीचं कार्ड जपून ठेवा. ज्याचा पूर्ण कोर्स आधी झालाय त्याला पुन्हा कुत्रा चावला तर सीरम लागत नाही, मेमरी पेशी तयारच असतात, 0 आणि 3 या दिवशी दोन डोस दिले की त्या पटकन कामाला लागतात. पण कोर्स पूर्ण झाला होता हे डॉक्टरला कळणार त्या कार्डावरूनच, ते नसेल तर पहिल्यापासून सगळं, सीरमसकट.