क्रीम शेवटीच का घालायचं?

‘सकाळी चिकन, पास्ता, क्रीम, चीज सगळं भांड्यात टाका, झाकण लावा, बटण दाबा. संध्याकाळी दमून घरी याल तेव्हा जेवण तयार!’ स्लो कुकरमधल्या, म्हणजे विजेवर तासन्‌तास सावकाश शिजवणाऱ्या भांड्यातल्या, क्रीमी चिकन पास्ताची कृती अशी दोन वाक्यांत उरकणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. मी एकदा अगदी तसंच करून पाहिलं. झाकण उघडलं तेव्हा वर पिवळसर तेलाचा तवंग होता, त्याखाली पाणी, पाण्यात पांढऱ्या दाणेदार गाठी. पास्त्याचा लगदा झाला होता आणि आठ तास रसात बुडालेलं चिकन खाताना कोरडं लागत होतं. साहित्य ताजं होतं, मापंही बरोबर होती. चुकली होती ती वेळ. या भांड्यातले तीन मुख्य घटक तीन वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात. चिकनला तास लागतात, पास्त्याला मिनिटं, आणि क्रीमला तर फक्त गरम होण्यापुरता वेळ पुरतो.

आधी भांड्याविषयी थोडं. अमेरिकेतल्या अर्विंग नॅक्सन यांनी १९३६ साली या उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० साली ते त्यांना मिळालं. त्यांच्या आईनं लिथुएनियातल्या आपल्या गावची एक आठवण सांगितली होती. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या, दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून ज्यू कुटुंबं आदल्या संध्याकाळी ‘चोलंट’ नावाच्या पदार्थाचं भांडं बेकरीत नेऊन ठेवत आणि विझत जाणाऱ्या भट्टीच्या उबेवर ते रात्रभर शिजे. पुढे रायव्हल कंपनीनं नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ साली ‘क्रॉक-पॉट’ या नावानं हे भांडं घरोघरी पोचलं.

हे भांडं इतकं सावकाश का तापतं, ते शाळेतल्या गणितानंही कळतं. समजा, आत दोन किलो अन्न आहे, बहुतांशी पाणीच, आणि तापमान १० अंश सेल्सिअस. ते ९५ अंशांवर न्यायला सुमारे ७ लाख ज्यूल उष्णता लागते. कुकर २०० वॅटचा असेल आणि उष्णतेचा एक कणही वाया गेला नाही, तरी तासभर लागेल. प्रत्यक्षात बाजूंनी आणि झाकणातून उष्णता सतत निसटत असते, त्यामुळे कित्येक तास जातात. ‘लो’ म्हणजे कमी तापमान आणि ‘हाय’ म्हणजे जास्त, असा सर्वसाधारण समज आहे. पण अनेक मॉडेलांमध्ये दोन्ही सेटिंगांवर अन्न शेवटी उकळीच्या जरा खालच्या, जवळजवळ सारख्याच तापमानाला पोचतं. फरक असतो तो पोचायला लागणाऱ्या वेळाचा. म्हणूनच गोठलेलं चिकन थेट कुकरमध्ये टाकू नये. ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जिवाणू भराभर वाढतात, आणि गोठलेला गोळा त्या पट्ट्यात फार वेळ रेंगाळतो. चिकनच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश तापमान झालं की ते खायला सुरक्षित समजतात.

आता ‘रसात बुडालेलं मांस कोरडं कसं पडेल?’ हा प्रश्न. कच्च्या चिकनचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो, आणि ते पाणी स्नायूंमधल्या प्रथिनांच्या बारीक धाग्यांच्या मधल्या जागेत अडकलेलं असतं. तापमान ५० अंशांपुढे गेलं की मायोसिन हे प्रथिन आपला आकार सोडतं, ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान ॲक्टिनही सोडतं. धागे आकसतात आणि मधलं पाणी बाहेर पिळलं जातं. मुठीत घट्ट आवळलेला स्पंज बादलीत बुडवून बघा. मूठ सैल होईपर्यंत तो पाणी घेणार नाही. आठ तास शिजलेल्या ब्रेस्टची, म्हणजे छातीच्या मांसाची, नेमकी हीच गत होते, आणि शिजलेल्या मांसाची मूठ काही पुन्हा सैल होत नाही.

मांडीचं मांस याच वागणुकीला तोंड देऊन मऊ राहतं, कारण त्यात कोलॅजेन जास्त असतं. कोलॅजेन म्हणजे दोरखंडासारखी एकमेकींत पिळलेली तीन साखळ्यांची प्रथिनं. साधारण ६० अंशांपुढे हा पीळ सुटायला लागतो आणि ८०-९० अंशांवर काही तास मिळाले की त्याचं जिलेटिन होतं. जिलेटिन पाणी धरून ठेवतं, धाग्यांभोवती ओलसर लेप देतं आणि रसाला अंगचा दाटपणा आणतं. म्हणून स्लो कुकरसाठी मी नेहमी मांडीच घेते, ‘लो’वर पाचेक तास. ब्रेस्टच हवं असेल, तर तीन तासांच्या सुमाराला तापमान मोजायला सुरुवात करावी.

मांस आधी पॅनमध्ये खरपूस परतल्यानं ‘रस आत कोंडला जातो’ असंही सांगतात. ही समजूत एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या नावावर पसरली आणि ती चूक आहे. परतलेल्या तुकड्यातूनही पाणी जातंच. परतायचं ते चवीसाठी. लुई-कामिय माय्यार यांनी १९१२ साली वर्णन केलेली, अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली खमंग वासाची अभिक्रिया जोमानं व्हायला कोरडा पृष्ठभाग आणि १४० अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. स्लो कुकरमध्ये वाफ असते आणि तापमान कधी १०० ओलांडत नाही, त्यामुळे ती चव तिथे तयार होणारच नाही. पॅनमधूनच आणावी लागते.

आता क्रीमकडे वळते. हा लेख लिहायला बसले ती खरं तर याच भागासाठी.

दूध पांढरं दिसतं ते त्यातल्या चरबीच्या थेंबांमुळे आणि केसीनच्या गोळ्यांमुळे. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं. पण ते साखरेसारखं विरघळलेलं नसतं. हजारो रेणू एकत्र येऊन त्यांचा एक गोळा बनतो, त्याला मायसेल म्हणतात. सरासरी व्यास १५० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेत साडेसहा हजारांहून जास्त मायसेल बसतील. गोळ्याच्या आत कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म पुंजके असतात आणि ते केसीनच्या रेणूंना एकत्र बांधून ठेवतात. सर्वांत सुंदर रचना आहे ती बाहेरच्या बाजूला. कॅपा-केसीन नावाचा प्रकार गोळ्याच्या पृष्ठभागावर राहतो आणि त्याची पाण्याची ओढ असलेली शेपटी बाहेर झुलत असते. अशा असंख्य शेपट्यांमुळे गोळा केसाळ दिसावा तसा होतो. या शेपट्यांवर ऋण विद्युतभार असतो. दोन गोळे जवळ आले की भार एकमेकांना ढकलतात आणि केसही एकमेकांत घुसत नाहीत. दुधाच्या एका थेंबात असे अब्जावधी गोळे सतत एकमेकांवर आदळतात आणि सुटे होतात. दूध द्रवरूप राहतं ते या केसांच्या जोरावर.

मग दूध फाटतं कशानं? बहुतेकांना वाटतं, उष्णतेनं. पण केसीन उष्णतेला सहजासहजी दाद देत नाही. मायोसिनसारखी नेमकी घडी त्याला मुळातच नसते, त्यामुळे उलगडण्यासारखं फारसं काही नसतं. ताजं दूध तासभर उकळत ठेवलं तरी फाटत नाही. प्रयोगशाळेत १४० अंशांवरही ते साधारण वीस मिनिटं तग धरतं. त्याचा खरा शत्रू आहे आम्ल. ताज्या दुधाचा सामू (pH, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.७ च्या आसपास असतो. आम्ल घातलं की पाण्यातले हायड्रोजन आयन शेपट्यांवरचा ऋणभार पुसत जातात. केस आडवे पडतात. आतलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळून निघून जातं. सामू ४.६ ला पोचला की केसीनवरचा निव्वळ भार शून्य होतो, ढकलणारं कोणी उरत नाही, आणि आदळलेले गोळे चिकटून राहतात. डोळ्यांना दिसतात त्या पांढऱ्या गाठी.

इथे उष्णता आपला वाटा उचलते. थंड दूध सामू बराच खाली येईपर्यंत टिकतं, पण तेच गरम असेल तर कितीतरी कमी आम्लातही फाटतं, कारण उष्णतेनं गोळे जास्त वेगानं आदळतात आणि त्यांच्यातली पाणी टाळणाऱ्या भागांची चिकटण्याची ओढ वाढते. शिवाय दुधातली बाकीची, म्हणजे व्हे प्रथिनं ७० अंशांपुढे उलगडतात. त्यांतल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनमधला लपलेला गंधकाचा गट उघडा पडतो आणि कॅपा-केसीनशी जोडला जातो. म्हणजे ज्या केसांनी गोळ्यांना दूर ठेवायचं, त्यांच्यावरच आता परकी प्रथिनं चिकटलेली असतात. अशा दुधात जरा आम्ल पडलं की सामू बराच वर असतानाच जाळं जमायला लागतं.

आता कुकरच्या भांड्यात बघा. टोमॅटोचा सामू ४.३ च्या आसपास असतो. लिंबू, वाइन, मस्टर्ड यांपैकी काही घातलं असेल तर आणखी आम्ल. खुद्द चिकनचं मांसही किंचित आम्लधर्मी असतं, ५.८ च्या जवळपास, कारण स्नायूत लॅक्टिक आम्ल साठलेलं असतं. ९५ अंशांचं तापमान, सौम्य आम्ल आणि आठ तासांचा अवधी. केसाळ गोळ्यांची तीन बाजूंनी कोंडी करायला याहून चांगली सोय कुठली?

घट्ट क्रीम मात्र पातळ दुधापेक्षा खूप सोशिक असतं. दुधात सुमारे ३.३ टक्के प्रथिनं आणि साडेतीन टक्के चरबी असते. ३६ टक्के चरबीच्या क्रीममध्ये प्रथिनं जेमतेम २ टक्के. गाठी व्हायला मालच कमी, आणि तापवताना त्यातलं बरंचसं केसीन चरबीच्या थेंबांच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतं. म्हणून ‘हलकं खाऊ’ म्हणून क्रीमऐवजी कमी चरबीचं दूध किंवा दही घातलं की सॉस हमखास फाटतो. पण घट्ट क्रीमलाही आठ तास सोसवत नाहीत. थेंबांभोवतीची आवरणं निकामी होतात, थेंब एकमेकांत मिसळतात आणि तेल वर येतं. माझ्या भांड्यातला तवंग तो हाच.

या गाठींवरचा उपाय पास्त्यातच असतो. २०२५ साली भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं पारितोषिक, ज्या संशोधनाला मिळालं, ते पास्त्याच्या चीज सॉसमधल्या गाठींवरचंच होतं. पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं इटालियन चीज), पाणी आणि स्टार्च यांचं मिश्रण वेगवेगळ्या तापमानांना तपासून संशोधकांनी दाखवलं, की चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च असेल तर सॉस एकजीव राहतो, आणि १ टक्क्याच्या खाली गेला तर तापवताना मोठमोठ्या गाठी होतात. १०० ग्रॅम चीजला अडीच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर कॉर्नस्टार्च. पाण्यात शिजून फुगलेल्या स्टार्चच्या लांब साखळ्या प्रथिनांच्या वाटेत येतात, त्यांना एकमेकांपर्यंत पोचू देत नाहीत. मायसेलचे केस झडल्यावर हे उसने केसच म्हणायचे.

मग पास्ता पहिल्यापासून आत टाकला तर स्टार्च आपोआप मिळेल ना? मिळेल, पण पास्ता उरणार नाही. पास्त्याच्या तुकड्यात स्टार्चचे कण ग्लूटेन या गव्हातल्या चिवट प्रथिनाच्या जाळ्यात अडकवलेले असतात. गव्हाचा स्टार्च ६० अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगायला लागतो. जाळं घट्ट व्हायला त्याहून जास्त तापमान लागतं. खळखळत्या पाण्यात दोन्ही गोष्टी जवळजवळ एकदमच होतात. सावकाश तापणाऱ्या कुकरमध्ये स्टार्चला मोठी आघाडी मिळते, तो कच्चं जाळं फोडून बाहेर येतो आणि मग लगदा.

‘मंद आचेवर अन्नातली जीवनशक्ती टिकते’ असे दावे करणाऱ्या जाहिराती पाहिल्या की मला राग येतो. असली शक्ती कुठल्याही उपकरणानं मोजलेली नाही. मोजता येतात ती जीवनसत्त्वं, आणि त्यांतलं क किंवा ब-१ जितका जास्त वेळ तापवाल तितकं कमी होतं. जे रसात उतरतं ते सॉसबरोबर पोटात जातं, एवढा फायदा मात्र खरा. स्लो कुकर वापरावा तो कोलॅजेनसाठी आणि हाताशी वेळ नसलेल्या दिवसासाठी.

मी आता हा पदार्थ असा करते. आदल्या रात्री कांदा-लसूण चिरून ठेवते. सकाळी चिकनच्या मांड्या पाच मिनिटं पॅनमध्ये परतून कांदा, लसूण, मिरपूड आणि दीड कप स्टॉकबरोबर कुकरमध्ये जातात. स्टॉक त्याहून जास्त नको, कारण झाकणाखाली वाफ थंड होऊन परत आतच गळते, सॉस आटत नाही, उलट मांसाचं पाणी त्यात भर घालतं. मध्येच झाकण उचलून बघायचं नाही. साठलेली वाफ जाते आणि भांडं पुन्हा त्या तापमानाला यायला वीसेक मिनिटं घेतं. घरी आल्यावर चिकन काढून काट्यानं सोडवायचं, तेवढ्यात शेजारी पास्ता उकळायचा आणि पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी उतरवायचा. कुकर बंद करून त्यात पास्ता, चिकन आणि पास्त्याचं वाटीभर पांढरट पाणी. मग फ्रिजमधून आधीच काढून ठेवलेलं क्रीम, आणि उकळी पूर्ण शमल्यावर कॉर्नस्टार्च चोळलेलं किसलेलं चीज मुठीमुठीनं. लिंबू पिळायचं असेल तर ताटात.

उरलं तर दोन तासांच्या आत उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सॉस गायब झालेला दिसेल. पास्त्यानं पाणी शोषलेलं असतं आणि गार होताना स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून कडक झालेल्या असतात. दोन-तीन चमचे दूध घालून, उकळी न आणता, हळूहळू ढवळत वाफा येईपर्यंत गरम केलं की त्या सैल होतात आणि सॉस परत दिसायला लागतो.