वैद्यकीय शोधनिबंधाचे हस्तलिखित

रुग्णांवर किंवा रुग्णनोंदींवर आधारलेले संशोधन वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवण्यासाठी ज्या रूपात लिहून व तपासून सिद्ध केले जाते, त्यास शोधनिबंधाचे हस्तलिखित म्हणतात. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांत त्याला सरसकट ‘पेपर’ म्हणतात आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याचा ‘थिसिस’ हा अनेक पेपरांचा उगम असतो. जाडजूड प्रबंधातून पेपर करायचा तर त्यातला एकच प्रश्न निवडून त्याच्या उत्तरापुरता मजकूर नव्याने लिहावा लागतो. प्रबंधातील परिच्छेद उचलून जोडलेला पेपर संपादकाच्या लगेच लक्षात येतो.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक गट 1978 मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमला आणि हस्तलिखितासाठी समान नियम ठरले. प्रास्ताविक, पद्धती, निष्पत्ती व चर्चा ही चौकट आज रूढ आहे. यादृच्छिक चाचणीसाठी, म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता उपचार हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरवणाऱ्या चाचणीसाठी, ‘कॉन्सॉर्ट’, उपचारात हस्तक्षेप न करता केवळ नोंदी घेणाऱ्या निरीक्षणात्मक अभ्यासासाठी ‘स्ट्रोब’ आणि एखाद्या रुग्णाच्या वृत्तांतासाठी ‘केअर’ या मार्गदर्शक सूची वापरतात.

हस्तलिखिताचा कस लागतो तो रुग्णसंख्येच्या हिशेबात. समजा, फवारणीच्या औषधाने विषबाधा झालेल्या रुग्णांचा अभ्यास आहे. अपघात विभागाच्या रजिस्टरमध्ये 112 नोंदी आहेत, रेकॉर्ड विभागात 104 केसपेपर सापडले आणि त्यांपैकी पाच रुग्णांना नातेवाइकांनी ‘डामा’वर, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून, घरी नेले. हाती उरले 99. हा सारा प्रवास निष्पत्तीच्या आरंभीच सांगावा लागतो, कारण घरी नेलेल्या पाचांत नातेवाइकांनी आशा सोडलेला अत्यवस्थ रुग्णही असू शकतो. त्याला ‘बरा झाला’ या रकान्यात टाकले की मृत्युदर खोटाच कमी दिसतो. म्हणून तक्ते आधी पक्के करून मजकूर नंतर लिहिणे हाच सुरक्षित क्रम आहे. केवळ पी-मूल्य (प्रत्यक्षात फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) न देता 95 टक्के विश्वासांतरही (खरा आकडा ज्या दोन मर्यादांच्या दरम्यान असावा असा अंदाज, त्या मर्यादा) द्यावे, आणि सारांशातला प्रत्येक आकडा तक्त्यातल्या आकड्याशी जुळवून पाहावा.

नोंदी जागच्या जागी काटेकोर ठेवल्या तर लहान रुग्णालयातूनही मोलाचे लेखन होते. जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात रुग्णसेवा करताना लाल विंचवाच्या दंशानंतरची हृदयविकाराची पूर्वचिन्हे टिपली आणि त्यांचा लेख 1982 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

नीतिविषयक समितीची मान्यता रुग्ण घेण्यापूर्वीच लागते. केवळ जुन्या केसपेपरांवरचा अभ्यासही समितीपुढे ठेवावा लागतो. संमतिपत्रातून सूट देण्याचा अधिकार समितीचा असतो, संशोधकाचा नव्हे. चिकित्सालयीन चाचणीची नोंदणी 2007 मध्ये सुरू झालेल्या ‘सीटीआरआय’ या चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधी झालेली असावी. ही त्रुटी मागाहून भरून काढता येत नाही. संमतिपत्र मराठीत असले, तरी उर्दू, तेलुगू, कन्नड किंवा गोरमाटी बोलणाऱ्या रुग्णाला ते त्याच्या भाषेत समजावलेले असावे.

ओळख लपवण्याबाबत अधिक सावधगिरी हवी. छायाचित्रातील डोळ्यांवर काळी पट्टी लावणे पुरेसे मानले जात नाही. औसा किंवा भोकरदन तालुक्यातल्या लहान गावाचे नाव, वय, व्यवसाय आणि दंशाची तारीख एकत्र छापली, तर नाव न देताही सारा गाव त्या माणसाला ओळखतो. म्हणून अनावश्यक तपशील गाळावेत, आणि तरीही ओळख पटण्याचा संभव असेल तर प्रकाशनासाठी स्वतंत्र लेखी संमती घ्यावी.

लेखक म्हणून नाव लागण्यास चार अटी आहेत : संशोधनात भरीव सहभाग, मसुदा लिहिणे किंवा त्याची मर्मग्राही दुरुस्ती, अंतिम मसुद्यास मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. केवळ विभागप्रमुखपदामुळे नाव घालण्याची प्रथा या कसोटीवर टिकत नाही, आणि रात्रपाळीत रुग्णांची माहिती गोळा करणाऱ्या निवासी डॉक्टराला मसुद्यात सहभागी न करता नुसते आभारांत ढकलणे त्याहून अन्यायाचे आहे.

हस्तलिखित एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवतात. परीक्षकांचे अभिप्राय आल्यावर प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र उत्तर द्यावे लागते, आणि पुष्कळदा त्यासाठी मूळ मास्टर चार्ट (सर्व रुग्णांची माहिती एकत्र मांडलेला तक्ता) व केसपेपर पुन्हा उघडावे लागतात. विद्यार्थी पदवी घेऊन गेल्यावर मार्गदर्शकाकडे त्यांची प्रत नसेल, तर चांगला अभ्यासही याच टप्प्यावर अडकतो.