‘मेटोप्रोलॉल ५०’ म्हणजे नेमकं कोणतं? टार्ट्रेट की सक्सिनेट?

‘मेटोप्रोलॉल ५०, ओडी.’ डिस्चार्ज कार्डावर एवढंच (५० मिग्रॅ, ओडी म्हणजे दिवसातून एकदा) लिहिलं असलं, की पुढचं केमिस्टच्या फळीवर काय शिल्लक आहे त्यावर ठरतं. मेटोप्रोलॉल हे हृदयाचं औषध, बीटा ब्लॉकर; टार्ट्रेट आणि सक्सिनेट ही त्याची दोन सॉल्ट (क्षार).

बीटा ब्लॉकर काय करतो हे इथे सांगत बसत नाही. नाडी मंदावणं, अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) आटोक्यात राहणं, दमेकऱ्याला जपून देणं, फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन या नैराश्याच्या औषधांसोबत असर वाढणं, अचानक बंद न करणं, हे सगळं दोन्हींना लागू. रेणू एकच आहे.

सक्सिनेट ‘जास्त ताकदीचं’ हे मात्र ऐकून कान किटले. रक्तात उतरल्यावर सॉल्ट कुठलं होतं याला काही अर्थ उरत नाही; फरक गोळीच्या घडणीत आहे. टार्ट्रेटची साधी गोळी लगेच विरघळते, अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) ३ ते ७ तास, म्हणून बीडी, दिवसातून दोनदा. सक्सिनेटची ईआर (एक्स्टेंडेड रिलीज) गोळी औषध दिवसभर थोडं थोडं सोडते, म्हणून ओडी. टार्ट्रेट ओडी दिलं, तर सकाळी नाडी ६० दिसते आणि रात्री रुग्ण धडधडीची तक्रार करतो. मग कुणीतरी डोस वाढवतं. चुकलेल्या असतात त्या वेळा!

खरा घोटाळा हार्ट फेल्युअरमध्ये (हृदयाची पंप करण्याची ताकद कमी पडते तेव्हा) होतो. ईएफ (डावा कप्पा दर ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते) ४० टक्के किंवा त्याखाली असेल, तर आयुष्य वाढवल्याचा भक्कम पुरावा तीनच बीटा ब्लॉकरचा आहे: बिसोप्रोलॉल, कार्वेडिलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट. टार्ट्रेट या यादीत नाही. १९९९ च्या मेरिट-एचएफ चाचणीत सक्सिनेट होतं, लक्ष्य २०० मिग्रॅ ओडी. प्लासिबोच्या (औषध नसलेल्या गोळीच्या) तुलनेत मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. २००३ च्या कॉमेट चाचणीत कार्वेडिलॉलसमोर होतं टार्ट्रेट, तेही ५० मिग्रॅ बीडी. तिथे मृत्यू कार्वेडिलॉलवर ३४, टार्ट्रेटवर ४० टक्के. यावरून ‘कार्वेडिलॉलने मेटोप्रोलॉलला हरवलं’ असं बिनधास्त सांगितलं जातं. हरलं ते टार्ट्रेट, आणि तेही बेताच्या डोसमध्ये. सक्सिनेट त्या सामन्यात नव्हतंच.

सक्सिनेट सुरू करायचं ते फुप्फुसांतलं पाणी उतरल्यावर: २५ मिग्रॅ ओडी, आजार तीव्र असेल तर १२.५. सोसलं तर दर दोन आठवड्यांनी दुप्पट, २०० पर्यंत किंवा झेपेल तिथवर. नाडी, बीपी उत्तम असताना रुग्णाला वर्षभर २५ वरच ठेवणं ही सावधगिरी नव्हे, आळस आहे.

बदली करताना दिवसाचा एकूण डोस धरायचा. टार्ट्रेट ५० बीडीच्या जागी सक्सिनेट १०० ओडी. ‘५० चं ५०’ केलं की डोस निम्म्यावर येतो, आणि आठवड्याभरात अंजायना परत दारात.

आता स्ट्रिप उलटी करा. सक्सिनेटच्या ५० च्या स्ट्रिपवर बहुधा छापलेलं असतं: ‘मेटोप्रोलॉल सक्सिनेट ४७.५ मिग्रॅ, मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ५० मिग्रॅशी समतुल्य’. बारीक अक्षरात ‘टार्ट्रेट’ दिसलं की घरचे घाबरतात, नवखा फार्मासिस्टही चुकतो. ती फक्त डोसची तुलना असते. पहिलं नाव आणि ‘एक्स्टेंडेड रिलीज’ हे शब्द बघा. नावात एक्सएल किंवा एक्सआर असेल तर ते बहुधा सक्सिनेट: मेटोलार टार्ट्रेट, मेटोलार एक्सआर सक्सिनेट.

टार्ट्रेट टाकाऊ नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित पडतात तेव्हा) शिरेतून दिलं जातं ते हेच, २.५ ते ५ मिग्रॅ सावकाश दोन मिनिटांत, लागल्यास तीनदा. बीपी डळमळीत असताना आयसीयूत हेच बरं, कारण थांबवलं की काही तासांत उतरतं. रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) द्यायचं तरी हेच. सक्सिनेटची खाच असलेली गोळी खाचेवर मोडता येते, पण कुटून ट्यूबमधून घातली तर दिवसभराचा डोस एकदम सुटतो. मग नाडी ४० वर, बीपी कोसळलेलं, आणि सगळे ईसीजीत नवा ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशांचा अडथळा) शोधत बसतात.